सेंट व्हिन्सेंट ते ग्रेनेडा: बोटीने बेटामागून बेट (कॅरिबियन, माहिती हवी आहे)

निळाई

नमस्कार मंडळी,

येत्या फेब्रुवारीत मी आणि माझी धाकटी बहीण कॅरिबियनला जायचं म्हणतोय. मी टोरांटोत राहते, पासपोर्ट कॅनडाचा. बहीण पुण्याहून आधी माझ्याकडे येईल आणि इथून दोघी निघू. तिचा पासपोर्ट भारतीय. हाताशी साधारण दोन आठवडे आहेत. एकाच रिसॉर्टमध्ये मनगटाला पट्टा बांधून पडून राहायचं नाही हे दोघींचं पक्कं ठरलंय. तिला डोंगर चढायचेत, मला पाण्यात डोकं घालून प्रवाळ आणि मासे बघायचेत. क्रूझ नको आहे. सकाळी बंदरात उतरायचं आणि चार वाजता परत जहाजावर चढायचं, यात बेटावरची संध्याकाळ कधी बघायलाच मिळत नाही.

नकाशावर ही बेटं इतकी जवळजवळ आहेत की रोज एक होईल असं वाटतं. आमची यादी अशी: बार्बाडोस, सेंट लुशिया, मार्टिनिक, डॉमिनिका, ग्वादेलूप, अँटिग्वा, ग्रेनेडा. मधला प्रवास शक्यतो बोटीने करायचाय. क्रम कसा लावावा? बहिणीला व्हिसा कुठे कुठे लागेल? आणि ती शाकाहारी आहे, तिचे जेवणाचे हाल होतील का?

ओहोटी

छान विषय. आम्हीही विचार करतोय, वाचत राहणार.

गलबत

निळाई, सगळ्यात आधी ती यादी कापा. त्यात मार्टिनिक आणि ग्वादेलूप हे फ्रान्सचे भाग आहेत आणि बाकीचे पाच स्वतंत्र देश. म्हणजे प्रत्येक उडीला इमिग्रेशन, कस्टम्स, सामानाची तपासणी. विमानाने जायचं तर बेटांमधली छोटी विमानं बरेचदा थेट जात नाहीत, बार्बाडोस किंवा अँटिग्वावरून वळसा घालून जातात. समोर डोळ्यांना दिसणाऱ्या बेटावर पोचायला अख्खा दिवस मोडतो. बोटीचं म्हणाल तर तुमच्या यादीतल्या सगळ्या बेटांना जोडणारी एक बोटसेवा नाहीच. बार्बाडोस तर साखळीपासून बाजूला, पूर्वेला एकटंच आहे.

माझं सांगणं असं की एकच साखळी निवडा आणि ती नीट करा. तुम्हाला हवं ते सगळं, म्हणजे डोंगर, प्रवाळ, पांढरी वाळू आणि बोटीचा प्रवास, ग्रेनाडीन्समध्ये एका ओळीत मिळतं. उत्तरेला सेंट व्हिन्सेंट, दक्षिणेला ग्रेनेडा, आणि दोन्हींच्या मध्ये छोट्या बेटांची माळ: बेक्वे, मस्टिक, कनुआन, मायरो, टोबॅगो कीज, युनियन, मग कॅरियाकू. देश फक्त दोन. युनियनपर्यंतची बेटं सेंट व्हिन्सेंटची, कॅरियाकूपासून खाली ग्रेनेडाची. चलनही एकच, पूर्व कॅरिबियन डॉलर. १९७६ पासून त्याचा दर अमेरिकी डॉलरला २.७० असा बांधलेला आहे, त्यामुळे हिशोब सोपा राहतो.

आता दिशा. हा मुद्दा लोक विचारातच घेत नाहीत आणि मग बोटीत ओकाऱ्या काढत बसतात. इथे वारा जवळजवळ वर्षभर पूर्वेकडून आणि ईशान्येकडून येतो. डिसेंबर-जानेवारीत तो आणखी जोर धरतो, तिथले खलाशी त्यांना ख्रिसमसचे वारे म्हणतात, आणि फेब्रुवारीतही त्यांचा जोर कधी कधी टिकून असतो. ग्रेनेडाहून उत्तरेकडे निघालात तर वाऱ्याच्या आणि लाटांच्या तोंडावर जावं लागतं. सेंट व्हिन्सेंटहून दक्षिणेकडे आलात तर वारा कडेने किंवा पाठीमागून मिळतो. शिडाच्या बोटी भाड्याने घेणारे बरेच जण याच कारणाने उत्तरेकडून दक्षिणेकडे येतात. तुम्ही साध्या फेरीबोटीने जाणार असलात तरी समुद्र तोच आहे.

टोरांटोहून सेंट व्हिन्सेंटच्या अर्गाइल विमानतळाला आणि ग्रेनेडाला, दोन्हीकडे थेट विमानं असतात, पण रोज नसतात. जायचं तिकीट सेंट व्हिन्सेंटचं आणि परतीचं ग्रेनेडाहून काढा. बाकीचं बेटवार नंतर लिहितो.

डोंगरभाऊ

गलबत यांचा सल्ला व्यवस्थित आहे, पण बहिणीला डोंगर हवेत ना? मग डॉमिनिका सोडू नका असं मी म्हणेन. मी सह्याद्रीत वाढलेला माणूस, आणि डॉमिनिकासारखं जंगल मी दुसरीकडे कुठेही पाहिलेलं नाही.

तिथलं उकळतं तळं बघायला लोदा गावाजवळच्या टिटू घळीपासून चालायला लागायचं. जाऊन-येऊन सहा तास तरी धरा, पाऊस झाला असेल तर जास्त. वाटेत एक दरी लागते, तिला उजाडदरी म्हणावं अशी: झाडं नाहीत, जमिनीतून वाफा, गंधकाचा वास, पायाखाली पिवळे-करडे झरे. ती ओलांडून पुढे गेलं की साधारण ६० मीटर रुंदीचं तळं, आणि त्याच्या मधोमध राखाडी पाणी खदखदतंय. वाफ हटेपर्यंत काठावर बसून राहावं लागतं. हा सगळा भाग मॉर्न त्र्वा पिताँ राष्ट्रीय उद्यानात येतो, १९९७ पासून तो जागतिक वारसा आहे. वाटाड्याशिवाय जाऊ नये, तिथल्या जमिनीच्या पातळ कवचाखाली गरम चिखल असतो आणि वाट दर पावसाळ्यात बदलते.

शिवाय वैतुकुबुली नावाची पायवाट आहे, बेटाच्या दक्षिण टोकापासून उत्तरेपर्यंत साधारण १८४ किलोमीटर, १४ टप्प्यांत. २०१७ च्या मारिया वादळाने ती पार उद्ध्वस्त केली होती, नंतर टप्प्याटप्प्याने मोकळी करत आणली. पाण्यात डोकं घालायचं असेल तर राजधानी रोझोच्या दक्षिणेला शँपेन रीफ आहे: समुद्राच्या तळातून ज्वालामुखीच्या वायूचे बुडबुडे सतत वर येतात आणि आपण त्यांच्यामधून पोहतो.

आणि ग्वादेलूप-डॉमिनिका-मार्टिनिक-सेंट लुशिया अशी वेगवान फेरी आहेच की. रोझोहून दोन्ही फ्रेंच बेटं दोन-सव्वादोन तासांवर आहेत. निळाईंना बोटच हवी आहे!

गलबत

डोंगरभाऊ, डॉमिनिकाबद्दल एक शब्दही खोडणार नाही. पण त्या फेरीत फ्रेंच बेटं येतात आणि तिथेच भारतीय पासपोर्टवाली बहीण अडकते. मार्टिनिक आणि ग्वादेलूप शेंगेनमध्ये, म्हणजे युरोपातल्या देशांच्या सामायिक व्हिसाक्षेत्रात, नाहीत. हातात फ्रान्सचा साधा शेंगेन व्हिसा असला तरी तो तिथे आपोआप चालत नाही. समुद्रापारच्या प्रांतांसाठी वेगळा व्हिसा किंवा व्हिसावर तशी नोंद लागते. डॉमिनिकाला स्वतःला भारतीयांकडून व्हिसा लागत नाही, पण बोटीने तिथे पोचायचं तर फ्रेंच बंदर टाळणं अवघड.

डॉमिनिकाला वेगळी सहल द्यायला हवी. त्या एका बेटालाच आठवडा पुरत नाही. दोन दिवसांत तळं उरकून पळणं म्हणजे त्या बेटावर अन्याय आहे, हे तुम्हालाही पटेल.

डोंगरभाऊ

व्हिसाचं माझ्या लक्षात नव्हतं. पटलं. आणि दोन दिवसांत डॉमिनिका करू नये हे तर शंभर टक्के. निळाई, मग बहिणीला सेंट व्हिन्सेंटच्या ला सुफ्रिएरवर पाठवा. १,२३४ मीटरचा जिवंत ज्वालामुखी आहे. एप्रिल २०२१ मध्ये त्याचा मोठा उद्रेक झाला, राख पार बार्बाडोसपर्यंत गेली आणि उत्तरेकडच्या हजारो लोकांना घरं सोडावी लागली. पूर्वेच्या बाजूने, राबाकाकडून वाट आहे. आधी केळीच्या बागा आणि बांबूचं बन, मग झाडं ठेंगणी होत जातात आणि शेवटचा टप्पा उघडा, राखेचा, वाऱ्याचा. वर धुकं कधीही येतं. पहाटे निघायचं आणि स्थानिक वाटाड्या घ्यायचाच.

त्रिनिवासी

मी पोर्ट ऑफ स्पेनला, त्रिनिदादच्या राजधानीत, नोकरीनिमित्त राहतो, म्हणून कागदपत्रांचं थोडं सांगतो.

सेंट व्हिन्सेंट, ग्रेनेडा, बार्बाडोस, डॉमिनिका, त्रिनिदाद या सगळ्यांना भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी आधी व्हिसा काढावा लागत नाही. नियम बदलत असतात, तेव्हा तिकीट काढण्याआधी त्या त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर बघाच. अडचण त्या देशांची नसतेच, अडचण वाटेतल्या विमानतळाची असते. अमेरिकेतून विमान बदलायचं तर फक्त बदलायलाही अमेरिकेचा व्हिसा लागतो. ताई कॅनडात येणारच आहेत तर त्यांच्याकडे कॅनडाचा व्हिसा असेल; तो अनेक प्रवेशांचा आहे ना हे आधी बघा, नाहीतर ग्रेनेडाहून टोरांटोला परत येताना पंचाईत.

दुसरं: सेंट व्हिन्सेंटमध्ये उतरताना 'इथून बाहेर कधी जाणार, तिकीट दाखवा' असं विचारतात. तुमचं परतीचं विमान दुसऱ्याच देशातून आहे, त्यामुळे ग्रेनेडा-टोरांटो तिकिटाची छापील प्रत आणि राहण्याच्या जागांचे पत्ते हातात ठेवा, फोनच्या बॅटरीवर विसंबू नका.

त्रिनिदादला येण्याचा मोह झाला तर एक गोष्ट लक्षात ठेवा. भारत सरकारच्या पिवळ्या तापाच्या यादीत त्रिनिदाद आहे. इथून थोड्याच दिवसांत भारतात गेलात आणि लसीचं प्रमाणपत्र नसेल तर विमानतळावर विलगीकरणात ठेवू शकतात. लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. कितीतरी भारतीय कुटुंबांना हे परतताना कळतं.

आणि टोबॅगो वेगळं, टोबॅगो कीज वेगळं. टोबॅगो हे त्रिनिदादचं जोडबेट, इथून फेरीने साडेतीन-चार तास. टोबॅगो कीज सेंट व्हिन्सेंटच्या हद्दीत. खोली भलतीकडेच आरक्षित करू नका.

(क्रिकेटवाल्यांसाठी: इथलं क्वीन्स पार्क ओव्हल बघायलाच या. १९७१ च्या मार्चमध्ये वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडिजला पहिल्यांदा कसोटीत हरवलं ते याच मैदानावर. गावसकरांची ती पहिली कसोटी, आणि सरदेसाईंचं शतक. म्हातारे त्रिनिदादी अजून त्या मालिकेबद्दल भरभरून बोलतात.)

निळाई

सगळ्यांचे मनापासून आभार. फ्रेंच बेटं यादीतून काढली. त्रिनिवासी, अनेक प्रवेशांचा मुद्दा आमच्या डोक्यातही आला नव्हता, आजच बघते.

गलबत, बेटवार लिहाल का? विशेषतः टोबॅगो कीज. आणि वादळात या भागाचं फार नुकसान झालं असं ऐकलं होतं, आता जावं का तिकडे?

गलबत

बेटवार, उत्तरेकडून.

सेंट व्हिन्सेंट: ज्वालामुखीसाठी आणि राजधानी किंग्जटाउनच्या वनस्पती उद्यानासाठी थांबा. हे उद्यान १७६५ चं आहे, पश्चिम गोलार्धातलं सगळ्यात जुनं. कॅप्टन ब्लायने १७९३ मध्ये ताहितीहून आणलेल्या ब्रेडफ्रूटच्या वंशातलं झाड तिथे दाखवतात. ब्रेडफ्रूट म्हणजे आपला नीरफणस. किनारे काळ्या वाळूचे आहेत. पांढऱ्या वाळूच्या आशेने इथे फार दिवस घालवू नका.

बेक्वे: किंग्जटाउनहून तासाभराची फेरी, दिवसातून अनेक. मधला समुद्र ओलांडताना बोट चांगली डोलते, मग अॅडमिरल्टी बेमध्ये शिरली की पाणी एकदम शांत होतं आणि समोर पोर्ट एलिझाबेथ. इथे घाई करू नका. पाण्याच्या कडेने पायवाट आहे, तिने प्रिन्सेस मार्गारेट बीच आणि पुढे लोअर बेपर्यंत चालत जाता येतं, मध्ये पोहत, थांबत. इथे लाकडी होड्यांच्या प्रतिकृती करणारे कारागीर आहेत, त्यांच्या कामशाळेत जाऊन बसा, बोलतात छान. रोख पैसे इथेच काढून ठेवा. मायरोवर बँक नाही.

मस्टिक सोडा, खाजगी बेट आहे. कनुआनही तुमच्या कामाचं नाही, तिथे महागडी रिसॉर्ट आणि मोठ्या यॉट्स.

मायरो: सगळं बेट पायी होतं. एकच गाव, सुमारे तीनशे माणसं. टेकडीवर चर्च आहे, त्याच्या मागच्या बाजूला उभं राहिलं की खाली टोबॅगो कीजचा सगळा पसारा दिसतो, निळ्याच्या किती छटा आहेत ते मोजत बसावं. उत्तरेला सॉल्ट व्हिसल बे. वाळूची अरुंद पट्टी, एका बाजूला शांत पाणी, दुसऱ्या बाजूला अटलांटिकच्या लाटा. पोहायचं ते शांत बाजूला. पूर्वेकडचे प्रवाह चांगल्या पोहणाऱ्यालाही खेचून नेतात.

टोबॅगो कीज: पाच निर्मनुष्य बेटुकली आणि त्यांच्या पूर्वेला घोड्याच्या नालाच्या आकाराचा प्रवाळाचा बांध. सागरी उद्यान आहे, प्रवेश शुल्क भरावं लागतं. नुसती दिवसाची फेरी करता येते, मायरोहून किंवा युनियनहून. बांध अटलांटिकच्या लाटा अडवतो, पण वारा अडवत नाही, त्यामुळे पाणी उथळ आणि स्वच्छ असलं तरी प्रवाह असतो. उतरण्यापूर्वी नावाड्याला विचारा, पाणी कुठल्या दिशेने ओढतंय. आधी प्रवाहाविरुद्ध जा आणि परत येताना त्याच्याबरोबर या. बॅराडाल बेटाच्या बाजूला समुद्री गवताची कुरणं आहेत, तिथे हिरवी कासवं चरायला येतात. तो भाग दोरी-बोयांनी राखलेला आहे. त्यात बोटी आणत नाहीत, आपण पोहत जायचं. कासव गवत खातं, मग श्वासासाठी सावकाश वर येतं, एक घोट हवा घेतं आणि परत खाली जातं. आपण जागेवर तरंगत राहिलो की ते अगदी जवळून जातं. मी जगात बऱ्याच ठिकाणी पाण्यात उतरलोय, पण मन इतकं शांत झालेलं दुसरीकडे आठवत नाही.

युनियन: क्लिफ्टन हे बंदर. टॅबॉय डोंगरावर चढा, ग्रेनाडीन्समधला सगळ्यात उंच, तीनशे मीटरच्या आसपास. तिथून उत्तर-दक्षिण सगळी साखळी एका नजरेत येते. वाऱ्यावर पतंग धरून पाण्यावरून धावणाऱ्यांचं हे आवडतं ठिकाण आहे. शिकायचं असेल तर वेळ राखून ठेवा.

युनियन ते कॅरियाकू: अंतर जेमतेम तासाभराचं, पण मध्ये देशाची सीमा. इथे रोजची मोठी फेरी असेल असं धरून चालू नका. लहान बोट ठरवावी लागते. क्लिफ्टनला पासपोर्टवर बाहेर पडल्याचा शिक्का घ्या आणि कॅरियाकूला पोचल्यावर लगेच आत आल्याचा. 'शिक्क्याचं काही नाही, मी नेतो' म्हणणाऱ्याच्या बोटीत बसू नका. ग्रेनेडाच्या विमानतळावर परत निघताना प्रवेशाचा शिक्का शोधतील. या टप्प्याच्या आधी-नंतर एकेक दिवस मोकळा ठेवा, हवा बिघडली तर बोट जात नाही आणि जाऊही नये.

बाकीची बेटं जोडणारी फेरी किंग्जटाउनहून आठवड्यातल्या काही दिवशीच असते, आणि ती बेक्वेवर थांबते की नाही ते त्या वेळच्या वेळापत्रकावर. आधी बोटीचे वार ठरवा, मग खोल्या.

वसुधा_रत्नागिरी

वादळाबद्दल मी लिहिते.

२९ जून २०२४ ला आपण बार्बाडोसमध्ये विश्वचषक जिंकला, सगळ्यांना आठवत असेल. तिथेच आपला संघ अडकून पडला होता, तो याच बेरिल वादळामुळे. १ जुलैला बेरिलचा मध्य कॅरियाकूवरून गेला. वारा ताशी सुमारे २४० किलोमीटर. युनियन बेटावरची जवळजवळ नव्वद टक्के घरं मोडली किंवा उडाली असं तिथल्या पंतप्रधानांनी सांगितलं होतं. मायरो आणि कॅरियाकूशेजारच्या पेटीट मार्टिनिकचीही तीच दशा. इतक्या लवकर हंगामात इतकं तीव्र वादळ अटलांटिकमध्ये नोंदलं गेलेलं नव्हतं.

तेव्हा जावं का, या प्रश्नाला माझं उत्तर: जरूर जावं. पण गावातल्या माणसाच्या घरात, त्याच्या खानावळीत, त्याच्या बोटीत पैसे जातील असं जावं. शेती थोडी, मासेमारी आणि पर्यटन हेच तिथलं पोट. पत्रा बसवायलाही सामान बोटीतून आणावं लागतं, त्यामुळे उभं राहायला वेळ लागतो. जुनी छायाचित्रं बघून जाऊ नका. काही किनाऱ्यांवरची माडाची आणि तिवरांची झाडी गेलेली आहे. खोली घेताना थेट मालकाशी बोला, पाणी-वीज कशी आहे ते विचारा, आणि जे मिळेल त्यात राहायची तयारी ठेवा.

कासवांबद्दल: गलबत यांनी सुंदर लिहिलंय. त्यांना हात लावू नये, पाठलाग करू नये, वर येण्याच्या वाटेत आडवं जाऊ नये. फेब्रुवारीत अंडी घालणारी चामडीपाठ कासवं मात्र दिसणार नाहीत, त्यांचा हंगाम मार्चपासून. वेळासला किनाऱ्यावर आपल्याकडे जसं गावच कासवांचं राखणदार झालं, तसं ग्रेनेडात लेव्हेराला आणि त्रिनिदादमध्ये ग्रँड रिव्हिएरला गावातलीच माणसं रात्री पहारा देतात, त्यांच्याबरोबरच बघायला जायचं असतं.

एक गोष्ट आधी माहीत असलेली बरी. बेक्वेच्या लोकांना आंतरराष्ट्रीय व्हेल आयोगाने परंपरेच्या नावाने वर्षाला चार हंपबॅक देवमासे मारायची परवानगी दिलेली आहे, आणि हंगाम फेब्रुवारीपासूनच असतो. मला ते मुळीच पटत नाही. पण तिथे गेल्यावर वाद घालण्याऐवजी त्या म्हाताऱ्या दर्यावर्दींचं म्हणणं ऐका, एवढं सुचवेन.

ओहोटी

वसुधाताई, तिवरं परत लावतायत का? आमच्याकडे अलिबागजवळ लावलेली निम्मीच जगतात.

वसुधा_रत्नागिरी

त्यांनाही तीच अडचण, लाटांचा मार शांत असलेली जागा मिळाली तरच रोप धरतं. कॅरियाकूच्या टिरल बेजवळ तिवरांचं मोठं बन आहे, वादळात बोटी तिथेच आसऱ्याला नेतात. बेरिलमध्ये त्याचंही फार नुकसान झालं. ती झाडी परत उभी राहायला वर्षं जातील.

गलबत

कॅरियाकू आणि ग्रेनेडा राहिलं होतं.

कॅरियाकूला विंडवर्ड नावाचं गाव आहे. तिथे अजून किनाऱ्यावरच, उघड्यावर, कागदी आराखड्याशिवाय लाकडी शिडाच्या होड्या बांधतात. कॅरियाकू आणि पेटीट मार्टिनिकची ही कला २०२३ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली. एखादी होडी बांधणीत असेल तर तासभर तिथे जातोच. पाण्यासाठी पॅरडाइज बीच, आणि समोरचं सँडी आयलंड, जो संरक्षित सागरी भाग आहे.

कॅरियाकू ते ग्रेनेडाची राजधानी सेंट जॉर्जेस, फेरीने सुमारे दोन तास. या वाटेवर ग्रेनेडाच्या उत्तरेला आठ किलोमीटरवर समुद्राखाली किक एम जेनी नावाचा जिवंत ज्वालामुखी आहे. त्याच्याभोवती दीड किलोमीटरचा भाग जहाजांना कायम बंद, आणि हालचाल वाढली की पाच किलोमीटर. बोटी वळसा घालून जातात, धोका नाही, पण तिथले खडक आणि प्रवाह यामुळे समुद्र खवळलेला असतो. पोट नाजूक असेल तर गोळी आधीच घ्या आणि मागच्या बाजूला, खाली बसा.

ग्रेनेडात मोलिनिएर बेमध्ये समुद्राखालचं शिल्पउद्यान आहे, जेसन डीकेयर्स टेलर यांचं, २००६ चं. हात धरून गोल उभी राहिलेली मुलं, त्यांच्या अंगावर आता प्रवाळ आणि स्पंज वाढलेत. पृष्ठभागावरून तरंगत बघता येतं. ग्रँड आन्स बीच प्रसिद्ध आहे आणि प्रसिद्धीला साजेसा आहे. पण बहिणीला ग्रँड एटांगच्या जंगलात आणि सेव्हन सिस्टर्स धबधब्यांवर न्या. जायफळाच्या बागा वाटेत दिसतील. २००४ च्या आयव्हन वादळात त्यातली बहुतेक झाडं आडवी झाली, आणि जायफळाला फळ धरायला वर्षं लागतात, त्यामुळे तो धंदा पूर्वीसारखा परत उभा राहिलेला नाही.

खादाडी

शाकाहाराचं माझ्याकडे.

हाल होणार नाहीत, पण प्रत्येक ठिकाणी विचारावं लागेल. रोटी सगळीकडे मिळते. या बेटांवर १८५७ पासून ग्रेनेडात आणि १८६१ पासून सेंट व्हिन्सेंटमध्ये भारतातून मळ्यांवर मजूर नेले, त्यांची ही देणगी. रोटी म्हणजे आत बटाटा-छोल्याची रस्सा भाजी गुंडाळलेली मोठी पोळी. 'फक्त छोले-बटाटा, मांसाचा रस्सा नको' असं स्पष्ट सांगा, नाहीतर वरून चिकनचा रस घालतात.

कॅलालू म्हणजे अळूच्या जातीच्या पानांचं सूप, नारळाच्या दुधातलं. चव अगदी लग्नातल्या अळूच्या भाजीच्या जवळ जाते. पण त्यात खेकडा किंवा खारवलेलं डुकराचं मांस घालायची पद्धत आहे. ग्रेनेडाचं ऑइल डाउन हे नीरफणस, कॅलालूची पानं, हळद आणि नारळाचं दूध एका मोठ्या पातेल्यात आटवून करतात, त्यातही खारवलेलं मांस असतं. आदल्या दिवशी सांगितलं तर बिनमांसाचं करून देतात. खरी सोय रास्ताफारी पंथाच्या लोकांच्या छोट्या खानावळींत. त्यांचं जेवण बहुतेक वनस्पतीजन्य, अनेकदा मीठही नसतं. भाजलेला नीरफणस, मसूर, भोपळा, केळी. बंदराच्या आसपास चौकशी केली की सापडतात.

मासे खाणाऱ्यांसाठी: सेंट व्हिन्सेंटमध्ये शेवंडाची बंदी १ मे ते ३१ ऑगस्ट, म्हणजे फेब्रुवारीत चालू हंगाम. टोबॅगो कीजच्या वाळूवर बोटवाले तिथेच भाजून देतात. सकाळीच सांगून ठेवावं लागतं. ग्रेनेडात शुक्रवार आला तर संध्याकाळी ग्वाव्ह गावात जा, सगळा रस्ता माशांच्या शेगड्यांनी भरलेला असतो.

निळाई

इतकं सविस्तर मिळेल असं वाटलं नव्हतं. बहीण आत्ताच फोनवर होती, ज्वालामुखी आणि विंडवर्डच्या होड्या या दोन्हींवर अडून बसली आहे. शेवटचे दोन प्रश्न: पाण्यात बघायला लागणारी मुखवटा-नळी तिथे भाड्याने मिळते की न्यावी? आणि सामान किती?

गलबत

मुखवटा स्वतःचा न्या, चेहऱ्याला बसलेला. भाड्याचा गळतो आणि मग कासव समोर असताना तुम्ही पाणीच काढत बसता. पायातले पंख तिथे मिळतात. लांब बाह्यांचा पोहण्याचा सदरा दोघींना हवाच. पाठ पाण्याबाहेर तासन्‌तास उन्हात असते, आणि क्रीम जितकं कमी लावाल तितकं प्रवाळाला बरं.

सामान पाठीवर मावेल एवढंच, चाकांची कडक बॅग नको. लहान बोटीत ती कोणीतरी हातावर झेलणार असतं. पासपोर्ट आणि फोन पाणी न शिरणाऱ्या पिशवीत. लष्करी छाप्याचे कपडे अजिबात नेऊ नका, टोपीसुद्धा नाही. ग्रेनेडा आणि सेंट व्हिन्सेंट दोन्हीकडे सामान्य माणसाने ते घालणं कायद्याने बंद आहे आणि ते जप्त करतात.

किनाऱ्यावर सावलीला बसताना झाड बघून बसा. मँचिनील नावाचं झाड असतं, हिरव्या छोट्या सफरचंदासारखी फळं, चकचकीत पानं. त्याचा चीक विषारी आहे. फळ खायचं नाही हे तर आहेच, पण पाऊस आला म्हणून त्याच्या खाली उभंही राहायचं नाही, पानांवरून गळणाऱ्या पाण्याने कातडी भाजते. काही ठिकाणी खोडाला लाल पट्टा मारलेला असतो, सगळीकडे नसतो. ओळखता आलं नाही तर आधी किनाऱ्यावरच्या माणसाला विचारा.

त्रिनिवासी

किंग्जटाउनच्या फेरीचं तिकीट धक्क्यावरच मिळतं. सकाळची बोट धरा, दुपारनंतर वारा वाढतो. आणि रविवारी फेऱ्या कमी असतात, तेव्हा रविवार बेक्वेवर काढा.